क्वीनची ती एकवीस मिनिटं: लाइव्ह एडमध्ये स्टेजवर नेमकं काय घडलं?

प्रश्न विचारणारा मुलगा नाशिकचा आहे, ऑर्केस्ट्रा आणि लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमांना साउंड करतो. तो विचारतो: "क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा लाइव्ह एडमधला कार्यक्रम जगातला सर्वोत्तम लाइव्ह कार्यक्रम म्हणतात. खरंच तसा होता, की त्यांच्यावरचा 'बोहेमियन रॅप्सडी' हा सिनेमा आल्यावर त्याचं नाव झालं? आणि होता, तर त्यांनी असं केलं काय?"

मी पुण्यात बत्तीस वर्षं लाइव्ह साउंड करतो आहे. नाट्यगृहं, कॉलेजांची गॅदरिंगं, मोकळी मैदानं, गणपतीतले मांडव, सगळं केलं. हा कार्यक्रम मी पहिल्यांदा पाहिला तो लंडनला राहणाऱ्या मावसभावाने टीव्हीवरून उतरवलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. रंग उडालेले, आवाज दबलेला, मध्ये मध्ये चित्र हलायचं. पुढे २००४ मध्ये अधिकृत डीव्हीडी निघाली तेव्हा तीही घेतली. दोन्ही मिळून किती वेळा पाहिला याचा हिशोब नाही, त्यामुळे हे उत्तर लांबणार.

हो, कार्यक्रम खरंच त्या तोडीचा होता. सिनेमा आला २०१८ मध्ये. त्याच्या तेरा वर्षं आधी, २००५ मध्येच, ब्रिटनमधल्या संगीतक्षेत्रातल्या मंडळींच्या कौलात तो आजवरचा सर्वोत्तम रॉक कार्यक्रम ठरला होता. पण कौलावर विश्वास ठेवून तुला काही मिळणार नाही. तुला स्टेजवर उपयोगी पडेल ते सांगतो.

आधी तो दिवस समजून घे. इथिओपियात भीषण दुष्काळ पडला होता. ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीचे वार्ताहर मायकल बर्क यांनी तिथून पाठवलेली दृश्यं पाहून ब्रिटन हादरलं. बॉब गेल्डॉफ आणि मिज युर या दोन गायकांनी आधी नाताळच्या सुमारास मदतीसाठी एक गाणं काढलं आणि मग १३ जुलै १९८५ रोजी एकाच दिवशी दोन ठिकाणी 'लाइव्ह एड' हा कार्यक्रम उभा केला: लंडनचं वेम्बली स्टेडियम आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाचं जेएफके स्टेडियम. वेम्बलीत सुमारे ७२,००० माणसं होती. तिकीट २५ पौंड, त्यातला मोठा हिस्सा थेट निधीत. उपग्रहावरून प्रक्षेपण शंभराहून अधिक देशांत.

आता आपल्या कामाच्या नजरेने बघ. दुपारी बाराला सुरुवात, रात्री दहाच्या आत संपवायचं, आणि मध्ये एकामागून एक नावाजलेले कलाकार. प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं, काहींना त्याहून कमी. स्टेज गोल फिरणारं होतं. एका भागावर कार्यक्रम चालू असताना मागे पुढच्या बँडची मांडणी व्हायची. वेळ पाळायला चक्क रस्त्यावरच्यासारखे सिग्नलचे दिवे लावले होते, हिरवा, पिवळा, लाल. आणि साउंड चेक, म्हणजे आधी आवाज तपासून बसवून घेणं, कोणालाच नाही.

साउंड चेक नाही म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. दुसऱ्याने दिवसभर वापरलेला मिक्सर, अनोळखी स्पीकर, मागच्या बँडचे लेव्हल तसेच, आणि तुझ्या ड्रमचा माईक कसा लागलाय हे तुला पहिल्या ठोक्यालाच कळणार. १९८५ मध्ये कानात घालायचे मॉनिटर नव्हते. स्टेजवरच्या स्पीकरमधून जे येईल त्यावर गायचं. अशा ठिकाणी बहुतेक बँडचं पहिलं गाणं स्वतःला सावरण्यात जातं. वीस मिनिटांत पहिलं गाणं गेलं की पाव कार्यक्रम संपला.

क्वीनने हे आधीच ओळखलं होतं. त्यांनी लंडनमधलं शॉ थिएटर घेऊन फक्त या वीस मिनिटांसाठी तालमी केल्या, समोर घड्याळ लावून. एवढे अनुभवी लोक, शेकडो कार्यक्रम केलेले, आणि वीस मिनिटांसाठी घड्याळ लावून तालीम. त्या दिवशी अनेक मोठे कलाकार "आपलीच गाणी आहेत, होईल" म्हणून आले असावेत असं त्यांचे कार्यक्रम बघताना वाटतं. फिलाडेल्फियात लेड झेपेलिन या गाजलेल्या बँडचे वादक बऱ्याच वर्षांनंतर एकत्र आले. ड्रमवर ऐनवेळी जमवलेले दोघे, तालीम नावापुरती, गिटार सुरात नाही. एवढं फसलं की पुढे त्यांनी ते डीव्हीडीत घालू दिलं नाही. ते एकेकटे क्वीनपेक्षा कमी वादक होते का? मुळीच नाही.

इथे सिनेमाचा एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो तयारीबद्दलच आहे. सिनेमात दाखवलंय की बँड फुटला होता, बऱ्याच काळाने एकत्र आला, आणि गायक फ्रेडी मर्क्युरीला तेव्हाच एड्स असल्याचं कळलं होतं. यातलं काहीच तसं नव्हतं. जानेवारी १९८५ मध्ये ते ब्राझीलमध्ये रॉक इन रिओ या महोत्सवाच्या अफाट गर्दीपुढे वाजवत होते. मे महिन्यापर्यंत न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, जपान असा दौरा चालू होता. म्हणजे ते ताजे होते, हात बसलेला होता. आजाराचं निदान पुढचं, साधारण १९८७ चं. सिनेमाची कथा रंगते, पण ती मनात धरून तो कार्यक्रम पाहिलास तर सगळं श्रेय दुःखाला देशील आणि मेहनत दिसणारच नाही.

त्यांची अडचण वेगळी होती. ऑक्टोबर १९८४ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला जाऊन वाजवून आले होते. वर्णभेदी राजवटीवर कलाकारांचा बहिष्कार असताना गेले, म्हणून भरपूर टीका झाली, आणि ती योग्यच होती. ब्रिटनच्या वृत्तपत्रांत यांचे दिवस सरले असा सूर होता. त्या दिवशीच्या यादीत तरुण, नवी नावं खूप होती. वेम्बलीतली तिकिटं क्वीनच्या नावावर गेली नव्हती. समोरची गर्दी त्यांची नव्हती, हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटं. त्यांच्या आधी डायर स्ट्रेट्स हा बँड, नंतर गायक डेव्हिड बोवी. मर्क्युरी पांढरी बनियन, फिकट जीन्स आणि दंडावर पट्टा अशा वेशात पळत येतो, स्टेजच्या कडेने एक फेरी मारतो आणि पियानोवर बसतो. पियानोवर कोल्ड्रिंकचे कागदी पेले तसेच. पहिले सूर 'बोहेमियन रॅप्सडी'चे.

निवड बघ. हे त्यांचं सर्वांत प्रसिद्ध गाणं, इतर कोणी असतं तर शेवटी ठेवलं असतं. आणि गाणं सहा मिनिटांचं! त्यांनी ते कापलं. फक्त सुरुवातीचा संथ भाग आणि ब्रायन मेचा गिटार सोलो, की लगेच पुढचं गाणं. मधला ऑपेराचा भाग एरवीच्या कार्यक्रमांत टेपवरून वाजायचा. स्टेजवर अंधार, दिवे, टेप आणि कलाकार आत. तो भाग अनेक थरांचं ध्वनिमुद्रण असल्यामुळे चौघांना स्टेजवर गाता येण्यासारखा नव्हताच. भर उजेडात, मोकळं स्टेज आणि टेप हे दृश्य किती केविलवाणं झालं असतं, विचार कर. त्यांनी आपल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याचा सर्वांत गाजलेला भाग काढून टाकला आणि कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. आपल्याकडे गायकाला एक अंतरा कमी कर म्हणून सांगून बघ!

पियानोने सुरुवात करण्यात आणखी एक शहाणपण आहे, ते साउंडवाल्याला लगेच कळेल. पियानो आणि एक आवाज एवढ्यानेच सुरुवात झाली की मिक्सरवरच्या माणसाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. आधी आवाज बसव, मग पियानो त्याच्या खाली आण, मग बेस, मग ड्रम. साउंड चेक नसताना पहिलं दीड मिनिटच साउंड चेक होऊन जातं आणि प्रेक्षकांना पत्ता लागत नाही. त्यांनी हे मुद्दाम केलं असा माझा दावा नाही, पण मी त्यांचं पाहूनच हे शिकलो आणि वापरतो. अनोळखी ठिकाणी मी ऑर्केस्ट्रावाल्यांना नेहमी सांगतो, पहिलं गाणं असं निवडा की ज्यात वाद्यं एकेक करून येतात.

पियानोवरून आठवलं. हा पियानो वाजवणारा हात आपल्या पाचगणीत तयार झाला. फारोख बलसारा, १९४६ मध्ये झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला, आठेक वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला आला. फ्रेडी हे नाव तिथलंच. शाळेतल्या मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता, त्यात तो पियानोवर असायचा. सुटीत मुंबईला नातेवाइकांकडे राहायचा. महाबळेश्वरला जाताना वाटेत पाचगणी लागतं तेव्हा मला हे दरवेळी आठवतं. असो.

आता दुसरं गाणं, 'रेडिओ गा गा'. लोक ज्या दृश्याबद्दल बोलतात ते हेच: ७२,००० माणसं दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकदम दोन टाळ्या वाजवतात. ध्वनीचं काम करणाऱ्याने इथे थांबून विचार करायला हवा, कारण मोठ्या मैदानात हे सहजासहजी होत नाही.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून १०० मीटरवरच्या माणसाला ठोका ऐकू जायला पाव सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. या गाण्याच्या लयीत ती जवळजवळ अर्धी मात्रा झाली. म्हणजे मागचा माणूस कानाने टाळी देणार असेल तर पुढच्यापेक्षा अर्धी मात्रा मागे पडणार, आणि त्याची टाळी स्टेजवर परत येईपर्यंत एक अख्खी मात्रा उशीर. मोकळ्या मैदानावर सगळ्यांना टाळ्या द्यायला लावल्यावर गाणं कसं ओढल्यासारखं होतं, ते तू अनुभवलं असशील. ढोलकीवाला त्या टाळ्या ऐकतो, त्यांच्या बरोबर जायला बघतो, आणि लय उतरत जाते.

क्वीनकडे दोन गोष्टी होत्या. पहिली, ही टाळी कानाने द्यायची नव्हती, डोळ्याने द्यायची होती. गाण्याच्या व्हिडिओत लोक हात वर नेऊन ती टाळी देताना दिसतात, त्यामुळे समोरच्यांना खूण आधीच माहीत होती. मर्क्युरीचे हात वर जातात, पुढच्या रांगांचे जातात, मागच्यांना पुढचे हात दिसतात. प्रकाशाला उशीर होत नाही. भर उजेड होता, त्यामुळे सगळ्यांना सगळे दिसत होते. अंधारात, स्टेजवरच्या दिव्यांत, ही लाट अशी उठली नसती. दुसरी गोष्ट म्हणजे रॉजर टेलर. गाणं त्याचंच, आणि ड्रमवर तो अजिबात हलला नाही. मैदानातून उशिरा परत येणारा तो प्रचंड आवाज कानावर येत असताना त्याने आपली लय सोडली नाही, आणि जॉन डीकनचा बेस त्याला चिकटून राहिला. लोक मर्क्युरीकडे बघतात. मी हल्ली त्या गाण्यात फक्त टेलर आणि डीकनला ऐकतो.

उजेडाबद्दल थोडं आणखी. क्वीनचा एरवीचा कार्यक्रम म्हणजे दिव्यांचा प्रचंड ताफा, धूर, आतषबाजी. त्यासाठी ते प्रसिद्ध होते. जुलैत लंडनला नऊनंतर सूर्य मावळतो, म्हणजे त्यांच्या वेळेला लख्ख ऊन. यातलं एकही हत्यार चालणार नव्हतं. मोठ्या कलाकाराला अशी वेळ अपमानाची वाटू शकते, रात्रीची जागा मागून घ्यावीशी वाटते. त्यांनी दिव्यांचं काम शरीरावर सोपवलं. मर्क्युरीच्या हालचाली बघ, एकही बारीक नाही. हात पूर्ण लांबवलेला, पाय रोवलेले, मान मागे टाकलेली, त्या अर्ध्या दांड्याच्या माईकने हवेत काढलेल्या रेषा. दीडशे मीटरवरून दिसेल एवढंच तो करतो. आणि टीव्हीचा कॅमेरा जवळ आला की 'हॅमर टू फॉल' या तिसऱ्या गाण्यात त्या कॅमेरावाल्याशी लाडिक खेळ करतो, तो मात्र घरी बसलेल्यांसाठी. मैदान आणि पडदा असे दोन प्रेक्षक त्याने एकाच वेळी वेगवेगळे सांभाळले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये जे झालं, ते मला सगळ्या कार्यक्रमात सर्वांत मोलाचं वाटतं. वाद्यं थांबतात. मर्क्युरी एकटा, माईक घेऊन, "ए... ओ" असा एक तुकडा गातो. लोक परत देतात. मग थोडा वेगळा, थोडा लांब. लोक देतात. मग एक सूर धरतो आणि धरूनच ठेवतो. लोकही धरतात. जेमतेम अर्धं-पाऊण मिनिट. शब्द नाहीत, ताल नाही, अर्थ नाही.

आपल्याला हा प्रकार नवा नाही. कीर्तनकार बुवा विठ्ठलनामाचा गजर सोडतात आणि मांडव परत देतो, तमाशात सवाल-जवाब रंगतो, जुगलबंदीत तबलजी आणि सतारिया एकमेकांच्या बोलांना उत्तर देतात. पण ७२,००० लोकांबरोबर हे करताना कुठे फसतं ते मी अनेकदा पाहिलंय. गायक तुकडा अवघड घेतो, आपली तयारी दाखवायला. लोक गोंधळतात, अर्धे गातात, अर्धे हसतात. किंवा गायक तुकडा संपता संपताच पुढचा सुरू करतो, लोकांचं उत्तर मागून येऊन त्यावर आदळतं आणि सगळा चिखल होतो.

मर्क्युरीचे तुकडे परत ऐक. पहिला कोणालाही गाता येईल असा. नंतरच्या तुकड्यांत फिरत येते, पण प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर एकच पायरी चढवतो. आणि तो गाऊन झाल्यावर थांबतो. मैदानाच्या शेवटच्या टोकाचं उत्तर येऊन विरेपर्यंत थांबतो. त्या थांबण्यात मला खरा गायक दिसतो. आपण गायकाचं कौतुक करताना म्हणतो, "काय जागा घेतली!" इथे त्याने जागा सोडली. एवढा मोठा गळा असलेला माणूस, जगभरचे कॅमेरे समोर, आणि तो आपल्या गाण्यात दुसऱ्यांसाठी रिकामी जागा ठेवतो. मघाशी म्हटलं होतं ना, ती गर्दी त्याची नव्हती. या पाऊण मिनिटानंतर ती त्याची झाली.

यात एक व्यवहाराची गोष्टही आहे. दोन गाण्यांच्या मध्ये बँडला पाणी प्यायला, गिटार बदलायला, सूर तपासायला वेळ लागतो. बहुतेक गायक तेव्हा बोलतात, "कसं वाटतंय पुणे?" वगैरे. वीस मिनिटांत बोलायला वेळ नसतो. मर्क्युरीने तो वेळ लोकांना दिला आणि मागचे तिघे तयार झाले.

आता तो आवाजाचा किस्सा, कारण तू तो नक्की ऐकला असशील. क्वीनचा साउंड इंजिनिअर ट्रिप खलाफ याने सिस्टिमच्या लिमिटरशी काहीतरी केलं आणि म्हणून क्वीन बाकीच्यांपेक्षा मोठ्याने वाजले, असं सांगतात. हे बँडच्या गोटातूनच बाहेर आलं आहे. लिमिटरचं काम तुला माहीत आहे: ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ द्यायचा नाही. तो सैल केला की आवाज वाढणार, ठोका जास्त जोरात लागणार. पण माझं प्रामाणिक मत ऐक. मोठा आवाज माणसाची मान एकदा वळवतो. दुसऱ्या गाण्यापर्यंत कान त्याला सरावतो, आणि मग जे कच्चं असेल तेही मोठ्याने ऐकू येतं. मी स्वतः तरुणपणी स्पर्धेत दुसऱ्या ऑर्केस्ट्राच्या वर जायचं म्हणून लेव्हल चढवत गेलो आहे आणि शेवटच्या गाण्यापर्यंत गायिकेचा आवाज हरवून बसलो आहे. आणि माझ्या त्या फिक्या, दबलेल्या कॅसेटवर मोठेपणा कुठे होता? तरीही मला त्या कार्यक्रमाने धरून ठेवलं.

क्वीनचा आवाज मोकळा वाटतो त्याचं कारण मांडणीत आहे. स्टेजवर एक गिटार, एक बेस, एक ड्रम, एक गळा, आणि लागेल तिथे साथीला स्पाइक एडनी. प्रत्येकाच्या स्वरांचा पट्टा वेगळा. ब्रायन मेची गिटार त्याने शाळकरी वयात वडिलांबरोबर घरी बनवलेली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. वाजवतो तो सहा पेन्सच्या नाण्याने. त्या गिटारचा स्वर गळ्यासारखा गातो, पण मर्क्युरी गात असताना मे त्याच्या वाटेत येत नाही, ओळ संपली की बोलतो. अशी मांडणी असली की मिक्सरवर बसलेल्याला फार काही करावं लागत नाही. आणि ज्या मांडणीत तीन कीबोर्ड, दोन गिटार आणि कोरस एकाच पट्ट्यात वाजत असतात, तिथे जगातला सर्वोत्तम इंजिनिअरही हात टेकतो.

'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'मध्ये मर्क्युरी स्वतः गिटार घेतो, गाणं हलकं, नाचरं. त्यावर मी जास्त काही बोलत नाही. चढावर दम खायला ठेवलेली ती सपाट जागा आहे आणि तिथेच ती हवी होती.

मग 'वी विल रॉक यू', तेही एक-दोन कडव्यांपुरतं. या गाण्याचा जन्मच प्रेक्षकांसाठी झालेला आहे. १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या एका कार्यक्रमानंतर लोक जायला तयार नव्हते, आपण होऊन गात राहिले. त्यावरून ब्रायन मे याला वाटलं की लोकांनाच वाजवता येईल असं काहीतरी करावं. दाटीवाटीत उभा माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी देऊ शकतो. दोन पाय, एक टाळी. मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, पुढे त्याने खगोलभौतिकीत डॉक्टरेट पूर्ण केली. ध्वनिमुद्रणात थोड्याच माणसांचे पाय आणि टाळ्या त्यांनी अनेक वेळा घेतल्या आणि प्रत्येक थराला वेगवेगळा उशीर दिला. हे उशीर मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे ते एकमेकांवर बसून एको ऐकू येत नाही, ऐकू येतो तो जमाव, वेगवेगळ्या अंतरांवर उभा असलेला. असा उशीर, म्हणजे डिले, लावताना सगळं ठोक्यात बसवायची सवय असते आपल्याला. घरी एकदा हा प्रयोग करून बघ, कान उघडतील. तर स्टुडिओत असा बनवलेला जमाव, आणि आठ वर्षांनी समोर खरा जमाव तेच वाजवतोय!

शेवटी 'वी आर द चॅम्पियन्स'. मर्क्युरीचा गळा तोवर तापलेला. मूळ ध्वनिमुद्रणात जे सूर फार वर जातात, त्यातले काही तो स्टेजवर वळवून खाली घ्यायचा. ज्या सुरावर पडायची भीती आहे तो टाळून दुसरा तितकाच देखणा मार्ग काढणं, यात कमीपणा नाही. आपल्याकडचे गायक रेकॉर्डसारखंच व्हायला हवं म्हणून घसा फाडून घेतात, त्यांना हे दाखव. मैदान डावीकडून उजवीकडे हेलकावे घेत होतं तेवढ्यात वेळ संपली. एकवीस मिनिटांच्या आसपास, सहा गाणी, आणि एकही ओळ भाषण नाही म्हटलं तरी चालेल. गेल्डॉफ यांनीही नंतर हेच सांगितलं की या कार्यक्रमाची कल्पना क्वीनला सर्वांत नीट समजली होती: जगासाठी लावलेली एक गाण्यांची पेटी, एकामागून एक लोकप्रिय गाणी.

एक सावधगिरी मात्र सांगतो, नाहीतर तू याचा नियम करशील. त्याच दिवशी, त्याच स्टेजवर, यू टू नावाच्या तरुण बँडने याच्या अगदी उलट केलं. 'बॅड' हे एकच गाणं बारा मिनिटांच्या आसपास लांबवलं, त्यांचा गायक बोनो गर्दीतल्या एका मुलीसाठी स्टेजवरून खाली उतरला, बँड मागे तेच वाजवत राहिला, आणि त्यांचं सर्वांत लोकप्रिय गाणं राहूनच गेलं. त्यांना वाटलं, आपण घोळ घातला. पण लोकांना तेच आठवलं आणि तिथून त्यांचं भाग्य फिरलं. ती गोष्ट एकदा घडते. क्वीनने केलं ते पुन्हा करता येतं, म्हणून शिकण्यासारखं ते आहे.

आणि बीटल्सच्या पॉल मकार्टनीचा माईक! रात्री शेवटाकडे, पियानोवर 'लेट इट बी' सुरू, आणि पहिली दोनेक मिनिटं माईक बंद. तो गातोय, कोणालाच ऐकू येत नाही. तेव्हा मैदानातल्या लोकांनीच गाणं उचललं. मला ते अजून पाहवत नाही. त्या क्षणी मिक्सरमागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या पोटात काय झालं असेल, हे आपल्या धंद्यातल्याच माणसाला कळेल.

आता पैशांबद्दल, कारण कार्यक्रम त्यासाठी होता. सिनेमात क्वीन वाजायला लागल्यावर फोन खणखणू लागतात असं आहे. खरं तर मदतीचा ओघ वाढला तो त्यांच्यानंतर, बोवीच्या कार्यक्रमाला जोडून दाखवलेल्या एका चित्रफितीमुळे. कॅनडाच्या सीबीसी या प्रसारण संस्थेने टिपलेली उपाशी मुलांची दृश्यं, त्यामागे एक संथ गाणं. ती दाखवायला वेळ मिळावा म्हणून बोवीने आपलं एक गाणं कमी केलं. हेही काहीतरी काढून टाकणंच, आणि माझ्या मते त्या दिवसातलं सर्वांत मोठं. पुढे मदतीच्या वापरावर प्रश्न उठले. इथिओपियाचं लष्करी सरकार लोकांना बळजबरीने दुसऱ्या भागात हलवत होतं. त्याविरुद्ध बोलल्याबद्दल फ्रान्सच्या 'सीमारहित डॉक्टर' या संघटनेला १९८५ च्या अखेरीस देशातून घालवण्यात आलं. वेम्बलीच्या स्टेजवर आफ्रिकेतले संगीतकार का नव्हते, ही टीकाही रास्त आहे. त्याआधी १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये पं. रविशंकर यांच्या आग्रहावरून जॉर्ज हॅरिसनने बांगलादेशासाठी कार्यक्रम केला, सतारीला साथ उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदची आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याची. तिथेही कराच्या कचाट्यात पैसा वर्षानुवर्षं अडकला. मदतनिधीच्या कार्यक्रमाला साउंड करायला बोलावलं की मी आता आयोजकांना पैसे कोणत्या खात्यात जाणार आणि हिशोब कोण बघणार, एवढं विचारून घेतो. तूही विचार, त्यात संकोच नको.

शेवटचं एक. सगळे जण सातच्या सुमाराला, 'चॅम्पियन्स' संपल्यावर व्हिडिओ बंद करतात. तू करू नकोस. त्याच रात्री पावणेदहाच्या सुमारास मर्क्युरी आणि मे, दोघेच, परत स्टेजवर आले. आता अंधार पडला होता. एक साधी गिटार, एक आवाज, आणि 'इज धिस द वर्ल्ड वी क्रिएटेड' हे छोटं गाणं, गरिबी आणि भूक बघून या दोघांनी कार्यक्रमाच्या आधीच लिहिलेलं. टाळ्यांची खूण नाही, पळापळ नाही. तीनेक तासांपूर्वी ज्याच्या एका हाताबरोबर मैदान हललं तो माणूस स्टुलावर बसलेल्या गिटारवाल्याशेजारी उभा राहून हळू गातोय. हेडफोन लावून ऐक, आणि त्याच्या आवाजामागे ते सबंध स्टेडियम किती शांत होत जातं त्याकडे लक्ष दे.